पण लेकरं कोण बघणार?

आमच्या गावच्या नगराध्यक्षपदासाठी एका माजी नगरसेविकेनं पक्षाकडं तिकीट मागितलंय. नाव लिहीत नाही. गावातल्यांना कळेलच, बाहेरच्यांना कळून उपयोग नाही. वय तेहतीस-चौतीस, शिक्षण एलएलबी, मागच्या टर्मला पाणीपुरवठा समितीच्या सभापती होत्या. २०१९ च्या दुष्काळात ही बाई भर उन्हात टँकर भरायच्या पॉइंटवर वही घेऊन बसायची आणि खेपा मोजायची. तिच्या वहीतल्या खेपा आणि बिलातल्या खेपा जुळेनात म्हणून सभेत दोन तास भांडली. ती बातमी मीच केली होती.

तेव्हा तिचं लग्नही झालेलं नव्हतं. आता तिला चार वर्षांची मुलगी आहे आणि अकरा महिन्यांचा मुलगा आहे.

प्रशासकराज संपलं, निवडणूक लागली, सोडतीत अध्यक्षपद सर्वसाधारण निघालं आणि बाईनं अर्ज मागितला. त्या दिवसापासून गावात चर्चा कशाची असेल? टँकरच्या वहीची? चार वर्षं सभागृहच नव्हतं, गटारीच्या तक्रारी साहेबांच्या टेबलावर वाळून गेल्या, त्याची? छे. तहसीलसमोरच्या चहावाल्यापासून केशकर्तनालयापर्यंत आणि 'आपलं गाव आपला विकास' असल्या नावाच्या तीन व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकच वाक्य फिरतंय. बाई हुशार आहे हो, काम चांगलंय, बोलते पण चांगली... पण लेकरं कोण बघणार?

पक्षाच्या इच्छुकांच्या मुलाखती झाल्या तिथं जिल्ह्याहून आलेल्या निरीक्षकांनी तिला पहिला प्रश्न हाच टाकला. दुसरा प्रश्न होता, मिस्टरांची संमती आहे का. तिसरा खर्चाचा. पाण्याबद्दल एकही नाही. हे तिनंच सांगितलं, आणि आत बसलेल्या दोघांनी मला खासगीत दुजोरा दिला.

आता माझं सांगतो, कारण दुसऱ्यावर बोट दाखवायच्या आधी ते सांगणं भाग आहे. त्या मुलाखतीनंतर ती बाहेर आली तेव्हा माइक घेऊन मीही उभा होतो. आणि वीस वर्षं पत्रकारिता केलेल्या, पदविका वगैरे घेतलेल्या माझ्या तोंडून प्रश्न आला, 'ताई, मुलं लहान आहेत, कसं जमवणार?'

तिनं माझ्याकडं बघितलं. चिडली नाही. म्हणाली, 'दादा, रात्रीचे साडेनऊ वाजलेत. तुमची मुलं कोण बघतंय आत्ता?'

आजूबाजूचे हसले. मीही हसलो. व्हिडिओतून तेवढा भाग कापला आणि बातमी लावून टाकली. मथळा होता: 'दोन चिमुकल्यांची आई नगराध्यक्षपदाच्या रिंगणात'. घरी गेलो तर मुलं झोपली होती. बायको दुसऱ्या दिवशीच्या शाळेचं टाचण काढत बसली होती.

त्या रात्री मला बाईच्या उत्तरापेक्षा जास्त एक जुनी गोष्ट टोचली. २२ ऑक्टोबर २००९, विधानसभेची मतमोजणी. त्या दिवशी माझी मोठी मुलगी जन्मली. मी मतमोजणी केंद्रावर होतो. पहाटे बायकोला दवाखान्यात सोडलं, सासूबाईंच्या हवाली केलं आणि निघालो. फेरीमागून फेरी आकडे देत होतो, दुपारी फोन आला, मुलगी झाली. केंद्रावरच पेढे वाटले. निवडणूक अधिकाऱ्यांनी पाठ थोपटली. संपादकांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, निष्ठा शिकावी तर याच्याकडून. 'लेकरू कोण बघतंय?' असं मला त्या दिवशी कुणी विचारलं नाही. त्यानंतर आजतागायत विचारलेलं नाही. पहिल्यांदा विचारलं ते या बाईनं.

पण मी इथं बाईमाणसावर अन्याय होतो एवढंच लिहायला बसलेलो नाही. ते सगळ्यांना माहितीय, आठ मार्चला सगळे टाळ्या वाजवतात. मला दुसरीच गोष्ट दाखवायचीय, आणि त्यासाठी आपल्याच गावाचा २०१६ सालचा इतिहास काढावा लागेल.

२०१६ ला अध्यक्षपद महिलेसाठी राखीव होतं. आठवतंय ना? मग कोण उभं राहिलं होतं? गावातल्या एका वजनदार नेत्याच्या सौभाग्यवती. त्यांचं धाकटं बाळ तेव्हा दोन वर्षांचंही नव्हतं. प्रचाराच्या पोस्टरवर त्यांचा फोटो तिकिटाएवढा आणि भाऊंचा दाराएवढा. निवडून आल्या. पाच वर्षं केबिनमध्ये भाऊ बसले. सही लागली की शिपाई फाइल घेऊन घरी जायचा. सर्वसाधारण सभेत वहिनी यायच्या, शेजारी भाऊंचा माणूस बसायचा, ठराव वाचला की मान हलवायच्या. माझं त्यांच्याशी काही वैर नाही. भली बाई, कधी कुणाला वाकडं बोलली नाही.

आता आठवून सांगा. त्यांचं बाळ दोन वर्षांचं नव्हतं, पद हेच, गाव हेच, आपण हेच. 'लेकरं कोण बघणार?' असं तेव्हा एकानं तरी विचारलं होतं का? चहाच्या टपरीवर? ग्रुपवर? निरीक्षकांनी? मी?

कुणीच नाही. कारण सगळ्यांना ठाऊक होतं की लेकरं त्याच बघणार आहेत. खुर्चीत भाऊ बसणार आहेत.

म्हणजे हा प्रश्न लेकरांच्या काळजीचा नाहीच मुळी. लेकरांची काळजी असती तर २०१६ ला पण वाटली असती. बाई नावापुरती असली की तिच्या कडेवरचं पोर कुणाला दिसत नाही. ती म्हणाली, 'केबिनमध्ये मी बसणार, फाइल मी वाचणार, सही मी करणार', की लगेच सगळ्या गावाला पोराची भूक ऐकू यायला लागते. तुमच्या गावात ताडून बघा. सरपंचपती, नगराध्यक्षपती, झेडपी अध्यक्षांचे मिस्टर, हे सगळे प्रकार आपण १९९३ च्या घटनादुरुस्तीपासून बघतोय. जिथं पती खुर्चीत आहे तिथं पत्नीच्या लेकरांबद्दल चिंता नाही. चिंता जिथं दिसेल तिथं समजा, बाई खरंच सत्ता मागतेय.

खुर्ची जेवढी उंच तेवढी ही चिंता वाढते, आणि हे काही आपल्या तालुक्याचंच वैशिष्ट्य नाही. गोरे लोकही त्यात मागे नाहीत. न्यूझीलंडचं उदाहरण घ्या. जेसिंडा आर्डर्न २००८ पासून खासदार होत्या. १ ऑगस्ट २०१७ ला, निवडणूक दोन महिन्यांवरही नसताना, लेबर पक्षानं त्यांना नेता केलं. वय ३७. तोपर्यंत मूल नव्हतं. नेता होऊन एक दिवस उलटायच्या आत टीव्हीवर त्यांना विचारलं गेलं, मुलाचा विचार आहे का? दुसऱ्या दिवशी सकाळच्या कार्यक्रमात एका निवेदकानं तर सांगितलं की नोकरी देणाऱ्याला हे विचारायचा अधिकारच आहे. त्यांनी त्याच्याकडं बोट रोखून सुनावलं की बाईला कामावर घेताना हे विचारणं २०१७ साली चालणार नाही. म्हणजे बघा, इथं लेकरू अजून जन्मालाही आलेलं नव्हतं, तरी ते कोण बघणार याची चिंता सुरू. नऊ वर्षं विरोधी बाकांवर बसल्या होत्या तोवर बिचाऱ्यांच्या पाळण्याची एवढी घाई कुणाला झाली नव्हती.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. ऑक्टोबरात त्या पंतप्रधान झाल्या, जानेवारीत दिवस गेल्याचं जाहीर केलं, २१ जून २०१८ ला मुलगी झाली. सहा आठवडे रजा घेतली. त्या काळात उपपंतप्रधान विन्स्टन पीटर्स यांनी कारभार पाहिला आणि देश बुडाला नाही. घरी बाळाजवळ त्यांचा जोडीदार थांबला. सप्टेंबरात तीन महिन्यांचं बाळ घेऊन न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत गेल्या. नंतर ख्राइस्टचर्चच्या मशिदींतला हल्ला आला, करोना आला, आणि २०२० च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला एकट्याला बहुमत मिळालं. २०२३ च्या जानेवारीत त्या स्वतःहून पायउतार झाल्या, आता आपल्यात तेवढी ताकद उरली नाही म्हणाल्या. त्यावर आमच्या ग्रुपवर एकानं लिहिलं होतं, 'बघा, शेवटी घरीच.' अहो, सव्वापाच वर्षं पंतप्रधान होत्या. आपल्याकडं सव्वापाच वर्षं एका ठिकाणी टिकलेला मुख्याधिकारी दाखवा.

योगायोग बघा, २१ जून हाच बेनझीर भुट्टोंचा जन्मदिवस. पंतप्रधानपदावर असताना बाळंत झालेल्या पहिल्या त्याच. जानेवारी १९९०, मुलगी. त्याच्या आधी १९८८ च्या सप्टेंबरात मुलगा झाला आणि नोव्हेंबरात निवडणूक जिंकून त्या डिसेंबरात शपथ घेत होत्या. पाकिस्तानात, लष्करशहाच्या सावलीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशात. दोन महिन्यांच्या ओल्या बाळंतिणीनं प्रचार केला. आपण मात्र अकरा महिन्यांच्या पोराकडं बोट दाखवून तालुक्याची नगरपालिका वाचवायला निघालोय.

सगळ्यात मासलेवाईक प्रकरण अमेरिकेतलं, २००८ चं. रिपब्लिकन पक्षाच्या जॉन मॅकेन यांनी अलास्काच्या गव्हर्नर सारा पेलिन यांना उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार केलं. पाच मुलं, त्यातलं धाकटं चार महिन्यांचं, डाउन सिंड्रोम असलेलं. मॅकेन ७२ वर्षांचे, म्हणजे बाई खरोखर राष्ट्राध्यक्ष होऊ शकली असती. झालं. चार महिन्यांचं असं बाळ टाकून कुठली आई...? हा प्रश्न विचारणाऱ्यांत कोण होते? एरवी बायकांनी घराबाहेर पडावं म्हणून लिहिणारे उदारमतवादीही होते. आणि बाईचा बचाव करायला कोण आलं? आयुष्यभर 'आईची जागा घरात' म्हणणारे. एका आठवड्यात दोन्ही बाजूंनी टोप्या बदलल्या. मला पेलिनबाईंचं राजकारण मुळीच पटायचं नाही. त्यांना परराष्ट्र धोरणावर प्रश्न विचारले, उत्तरं देता आली नाहीत, ते योग्यच झालं. तसले हजार प्रश्न होते विचारायला. त्यांनी स्वतः 'मी हॉकी खेळणाऱ्या पोरांची आई' म्हणून मतं मागितली, त्यावरही टीका होऊ शकते. पण पाळण्याचा प्रश्न त्यात कुठून आला?

त्याच वेळी दुसऱ्या बाजूला उभे होते बराक ओबामा, मुली दहा आणि सात वर्षांच्या. दोन वर्षं प्रचारासाठी देशभर फिरत होते. मुली कोण बघतं, हा त्यांच्या उमेदवारीचा प्रश्न झाला नाही. आणि ज्यांच्याशी पेलिन यांचा वादविवाद झाला ते जो बायडेन. त्यांची गोष्ट तर डोळ्यांत पाणी आणणारी आहे. १९७२ च्या नोव्हेंबरात सिनेटवर निवडून आले, डिसेंबरात मोटार अपघातात बायको आणि तान्ही मुलगी गेली, दोन लहान मुलगे दवाखान्यात. बायडेन यांनी सिनेटरपदाची शपथ त्या दवाखान्यातच घेतली. पुढं वर्षानुवर्षं ते रोज आगगाडीनं घरी विल्मिंग्टनला परत जायचे, मुलांसाठी. अमेरिकेनं त्यांना डोक्यावर घेतलं, आणि घ्यावंच. पण बारकाईनं बघा. आई नसलेली, जखमी, चार वर्षांच्या आतली दोन लेकरं. 'लेकरं कोण बघणार?' हा प्रश्न जगात कुणाला विचारायचा तर त्या माणसाला विचारायचा. त्यांना तो अडवायला कुणी विचारला नाही, उलट गाडीनं घरी जाणं हे त्यांच्या थोरवीचं लक्षण ठरलं. मुलं कुणी बघितली? त्यांची बहीण जवळ येऊन राहिली, तिनं बघितली.

बाप संध्याकाळच्या गाडीनं घरी गेला की थोर. आई सकाळच्या गाडीनं कामाला गेली की कसाई.

मग लोक म्हणतात, अहो आमचा बायकांना विरोध नाही, फक्त लेकरं जरा मोठी होऊ द्या. इंदिराबाई नाही का झाल्या? झाल्या ना. १९६६ साली. तेव्हा राजीव एकवीस वर्षांचे आणि संजय एकोणीस. म्हणजे आमच्या बाईनं धाकट्याला एकोणिसावं लागेपर्यंत थांबायचं. तोवर ती एकावन्न-बावन्नची होईल आणि हेच लोक म्हणतील, वय झालं आता, तरुणांना संधी द्या. आमच्या पक्षांत तरुण म्हणजे पस्तिशीतला पुरुष, ज्याची लेकरं हमखास लहानच असतात!

थांबायचं नसेल तर दुसरा मार्ग उरतो, लेकरं होऊच द्यायची नाहीत. गेल्या तीस-चाळीस वर्षांत या देशात स्वतःच्या हिमतीवर पक्ष चालवून राज्य हातात ठेवणाऱ्या बायका मोजा. जयललिता, मायावती, ममता. तिघींनाही नवरा नाही, मूल नाही. आणि लोक त्यांना काय म्हणतात? अम्मा, बहनजी, दीदी. म्हणजे घरी कुणाची आई नसशील तर सगळ्या राज्याची आई व्हायला आमची हरकत नाही. आणि ज्यांना मुलं नाहीत त्या तरी सुटतात का? ऑस्ट्रेलियात ज्युलिया गिलार्ड पंतप्रधान व्हायच्या आधी, २००७ मध्ये, एका सिनेटरनं त्यांना मूल नाही यावरून 'जाणूनबुजून वांझ' असं म्हटलं होतं, पुढं माफी मागितली. अमेरिकेत कमला हॅरिस यांच्यावरही हेच झालं. मूल आहे म्हणून नको, मूल नाही म्हणून नको, मूल होईल कदाचित म्हणून नको. बाकी आमचा विरोध नाही.

महाराष्ट्र तर पुरोगामी. १९६० पासून एकही महिला मुख्यमंत्री नाही. गोव्यानं १९७३ लाच शशिकलाताई काकोडकरांना केलं.

आता आपल्याकडच्या दोन उदाहरणांकडं येतो. बीड जिल्ह्यातल्या केजच्या आमदार नमिता मुंदडा २०२० च्या अर्थसंकल्पी अधिवेशनाला आठव्या महिन्यात येऊन बसल्या होत्या. आणि नाशिकच्या देवळालीच्या आमदार सरोज अहिरे २०२२ च्या डिसेंबरात अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या विधानभवनात आल्या. फोटो सगळ्यांनी बघितला. आमच्या ग्रुपवर निम्मे म्हणाले 'आधुनिक हिरकणी', निम्मे म्हणाले 'स्टंट'. फुलं उधळणाऱ्यांनी आणि चिखल फेकणाऱ्यांनी, दोघांनीही एक साधी गोष्ट विचारली नाही. ती दुसरं काय करू शकत होती? आमदाराला बाळंतपणाची रजा अशी काही भानगड नाही. आमदार नोकर नसतो, लोकप्रतिनिधी असतो. उलट घटनेच्या कलम १९० मध्ये लिहिलंय की सभागृहाच्या परवानगीशिवाय साठ दिवस गैरहजर राहिलं तर जागा रिकामी जाहीर करता येते. घटना लिहिली गेली तेव्हा आमदाराला बाळंतपण येऊ शकतं हे कुणाच्या डोक्यात नसावं. बाळाला घरी ठेवलं असतं तर 'कसली आई'. स्वतः घरी राहिली असती तर 'मतदारसंघ वाऱ्यावर सोडला'. घेऊन आली तर 'स्टंट'.

पुढं २०२३ च्या मुंबईतल्या अधिवेशनात त्याच आमदारांनी तक्रार केली की विधानभवनातल्या हिरकणी कक्षात धूळ आहे, बाळाला ठेवण्यासारखी सोय नाही. राज्याचे कायदे जिथं होतात तिथली ही अवस्था. (२०२४ ला देवळालीच्या मतदारांनी त्यांना परत निवडून दिलं, हेही ग्रुपवाल्यांनी नोंदवून ठेवावं.)

आणि हे 'हिरकणी, हिरकणी' काय लावलंय आपण? दंतकथा सगळ्यांना पाठ आहे. गडावर दूध घालायला गेलेली गवळण, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, खाली घरी तान्हं बाळ, म्हणून रात्रीच्या अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी साडीचोळी दिली, तिथं बुरूज बांधला. शाळेत ऐकताना आमच्या अंगावर काटा यायचा. तिच्या मातृत्वावर निबंध लिहून मी बक्षीसही घेतलंय. पण त्या गोष्टीत ती गडावर गेली होती कशाला? धंद्याला. दूध विकायला. बाळ घरी ठेवून कामाला आलेली बाई होती ती, आणि तिला गडावर जायला कुणी अडवलं नव्हतं, कारण गडाला दूध हवं होतं. महाराजांना तिचं धाडस दिसलं आणि जिथून ती उतरली तो कच्चा कडा पण दिसला, म्हणून बुरूज बांधला. आपल्याला त्यातलं एवढंच आठवतं, की आई रात्री घरी गेली. सकाळी ती गडावर आली होती हे आपण विसरून गेलो.

खालच्या कामाला कुणी अडवत नाही, हे तर आमच्या भागात दर दिवाळीनंतर दिसतं. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तान्हं लेकरू सोबत. फडाच्या बांधावर लुगड्याची झोळी, आई पहाटे मोळ्या बांधतेय, लेकराकडं बघायला आठ वर्षांची थोरली बहीण, शाळा सोडून आलेली. मुकादम उचल देताना 'लेकरं कोण बघणार?' विचारतो का? कारखान्याचे चेअरमन विचारतात का? आपण साखर घेताना विचारतो का? घरोघरी फिरणाऱ्या आशाताईला, रात्रपाळीच्या नर्सला, बंदोबस्ताला उभ्या केलेल्या महिला कॉन्स्टेबलला कुणी विचारतं? त्यांच्या कामाची आपल्याला गरज आहे, तेव्हा त्यांची लेकरं आपोआप मोठी होतात. बाईनं डोक्यावर पाटी घेतली तर लेकरांचं काय होईल ते होवो. तिनं पाटीवर नाव लावलं की लेकरांना आई हवी.

मला माहितीय, खाली कॉमेंटमध्ये काय येणार. पहिली येईल, 'भाऊ, बायकाच जास्त बोलतायत तिच्याबद्दल.' खरं आहे. माझी आईच बोलली. म्हणाली, एवढ्या तान्ह्याला टाकून फिरायचं म्हणजे बाई दगडाच्या काळजाची दिसते. माझ्या आईनं चार लेकरं आणि दीड एकर सांभाळत कधी गावची वेस ओलांडली नाही. कुणी तिला ओलांडू दिली नाही हे खरं, पण आता सत्तरीत तिला ते तिचं स्वतःचं मत वाटतं. तिच्याशी मी भांडलो नाही. जिनं स्वतःचं सगळं दिलं तिला 'ते द्यायची गरज नव्हती' असं कुठल्या तोंडानं सांगू?

दुसरी कॉमेंट, 'बाळाला आईच लागते, निसर्ग आहे.' बरोबर. अकरा महिन्यांच्या पोराला आई लागते. बापही लागतो, आजीही लागते. म्हणून तर पालिकेच्या सभा रात्री आठला का लावता, दुपारी दोनला का नाही, हे विचारा. सभागृहाच्या शेजारी एक स्वच्छ खोली का नाही, हे विचारा. आमच्या पालिकेच्या सगळ्या इमारतीत बायकांसाठी एक संडास आहे, त्याची चावी शिपायाकडं असते. चार वर्षं महिला अधिकारी, कर्मचारी, कामाला आलेल्या बाया, सगळ्या ती चावी मागतायत. निसर्ग तिथंही आहे.

आणि तिसरी, खरी विचार करायला लावणारी. एका मित्रानं फोनवर विचारली. 'अरे, पण मतदाराला उमेदवाराच्या वेळेबद्दल विचारायचा हक्क नाही का? अध्यक्ष चोवीस तास उपलब्ध पाहिजे.' आहे, शंभर टक्के हक्क आहे. वेळ किती देणार, रात्री पाइपलाइन फुटली तर फोन उचलणार का, हे जरूर विचारा. पण सगळ्यांना विचारा. ज्याची दोन वाळूची ठिकाणं, एक बिअर बार आणि प्लॉटिंगचा धंदा आहे, त्याला विचारा की हे सगळं बघून पालिका कधी बघणार. अकरा महिन्यांचं पोर दोन वर्षांत चालायला-बोलायला लागतं. वाळूचा धंदा पाच वर्षांत वाढतच जातो.

कायदा तरी या बाबतीत आपल्यापेक्षा सरळ आहे. दोनपेक्षा जास्त अपत्यं असतील तर स्थानिक निवडणुकीत अपात्र, १२ सप्टेंबर २००१ नंतरचा हिशेब. त्या कायद्याबद्दल माझी वेगळी मतं आहेत, ती पुन्हा कधी. पण तो लेकरं मोजतो ती बाईची पण आणि बाप्याची पण. अर्जासोबत दोघांनाही लिहून द्यावं लागतं. म्हणजे पुरुष उमेदवारांना लेकरं असतात ही माहिती सरकारदरबारी उपलब्ध आहे.

तीच बघून मी काल एक काम केलं. याच पक्षाकडं तिकीट मागणारे दुसरे इच्छुक, तरुण नेतृत्व, फ्लेक्सवर 'विकासपुरुष', त्यांना दोन मुलं आहेत, एक सहा वर्षांचा, एक दीड वर्षांची. बाईच्या धाकट्यापेक्षा सात-आठ महिन्यांनीच मोठी. त्यांच्या पत्रकार परिषदेत मी हात वर केला आणि विचारलं, 'साहेब, मुलं लहान आहेत, निवडून आलात तर कोण बघणार?'

सगळी खोली शांत. मग कुणीतरी हसलं. साहेबांना वाटलं मी चेष्टा करतोय. त्यांनी शेजारी बसलेल्या कार्यकर्त्याकडं बघितलं. कार्यकर्ता म्हणाला, 'विषयाला धरून प्रश्न विचारा.' मी म्हटलं, आठ दिवस गावात हाच विषय आहे, आणि मी परवा दुसऱ्या इच्छुकांना हाच प्रश्न विचारलाय, तुम्ही सगळ्यांनी तो व्हिडिओ शेअर पण केलाय. तेव्हा साहेब म्हणाले, 'घरच्यांशी बोलून सांगतो.' आणि पुढचा प्रश्न घेतला.

कापलेला तुकडाही आता सापडलाय मोबाइलमध्ये. बाईचं ते साडेनऊचं उत्तर आणि माझं ओशाळं हसू, दोन्ही आहे त्यात. खाली पहिल्या कॉमेंटमध्ये टाकतोय. साहेबांचं उत्तर अजून आलेलं नाही. घरच्यांशी बोलणं झालं की तेही टाकीन.